वाच पुढं

आत्यांची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, नजर काचबिंदूने गेली. घरचं औषधाचं दुकान असून आम्हाला ते वेळेवर कळलं नाही, याची खंत मला आजही आहे. काचबिंदू दुखत नाही. कडेची नजर आधी जाते, आणि माणूस नकळत मान वळवून बघायला शिकतो. आत्याही तशाच शिकल्या. तपासणी झाली तेव्हा गेलेली नजर परत येण्यासारखी नव्हती. उरलेली टिकावी म्हणून रोज ठरल्या वेळी थेंब घालायचे, एवढंच हातात होतं. पुढे तीही गेली. आत्या चौथीपर्यंत शिकलेल्या. रोजचा पेपर आणि श्रावणातली पोथी एवढंच त्यांचं वाचन, पण त्यात कधी खाडा नव्हता. पेपर सुटला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "दिवस लई लांब झाला गं."

तेव्हापासून रात्रीची जेवणं झाली की तासभर मी त्यांना वाचून दाखवते. या गोष्टीला सहा वर्षं झाली. वाचनालयाची माझी वर्गणी दोन पुस्तकांची आहे. एक कथा-कादंबरी आणि एक 'इतर'. या 'इतर'मध्ये आत्मचरित्रं, प्रवास, इतिहास, आरोग्य, शेती, सगळं येतं. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं, तेव्हा गल्ल्यावर बसून मी माझं वाचते, रात्री आत्यांचं. मी साहित्य शिकलेली नाही, फार्मसी शिकले. पण मोठ्याने वाचल्याशिवाय पुस्तक पुरतं कळत नाही, हे मी आता खात्रीने सांगते. डोळे पाल्हाळावरून सरकत पुढे जातात, जिभेला ते जमत नाही. तिला प्रत्येक शब्द उचलावा लागतो. आणि समोर आत्यांसारखं माणूस असावं, ज्याला लेखकाचं नाव, मिळालेली बक्षिसं, कितवी आवृत्ती, कशाशीच देणंघेणं नाही. आत्यांना पुस्तक आवडलं नाही तर त्या तोंडावर सांगत नाहीत. त्या घोरायला लागतात.

पहिलं पुस्तक मी भीत भीतच निवडलं होतं, लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. १९३४ ते १९३६ या काळात ते भागाभागाने आलं. इतकं जुनं, वर ब्राह्मणी घरातलं. माण तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या लेकीला त्यात काय सापडणार, असं मला वाटत होतं. सुरुवातीलाच लक्ष्मीबाईंचे वडील येतात. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचं वेड शिरलं. घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय आत यायची नाही, आणि त्या धुण्यापायी सगळं घर वेठीला धरलेलं. आत्या आधी खूप हसल्या. मग जरा वेळाने म्हणाल्या, "त्येच्या बायकूचं काय हाल झालं असतील." मी थांबले. पुढच्या पानांवर तेच होतं.

लक्ष्मीबाई कधी कीव मागत नाहीत, ही त्यांची ताकद आहे असं मला वाटतं. नवरा न सांगता घरातून निघून जातो, हातातले पैसे कुणालाही देऊन टाकतो, १८९५ साली ख्रिस्ती होतो आणि काही वर्षं दोघांची ताटातूट होते. दुसऱ्या कुणी यावर रडण्याचे तीनशे परिच्छेद लिहिले असते. लक्ष्मीबाई काय घडलं, कोण काय बोललं, आपण काय केलं एवढं सांगतात आणि पुढे जातात. वाक्यं छोटी, बोलण्यातली. मोठ्याने वाचताना मला कुठेही श्वास तुटल्यासारखा वाटला नाही. आणि त्यांचं बदलणं! शिवाशिव हाडीमांसी भिनलेली ही बाई एका रात्री विचार करकरून ठरवते की उद्यापासून कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. त्या पानांवर ना भाषण आहे, ना साक्षात्काराचा प्रकाश. एक शहाणी बाई अंथरुणावर पडून स्वतःशी हिशोब मांडते आहे. शिक्षण जेमतेम, आणि नवऱ्याने सुरू केलेलं 'ख्रिस्तायन' त्याच्या मागे तिने पुरं केलं. आत्या म्हणाल्या, "ही लिहीत न्हाई, बोलतीया आपल्यासंगं." मराठीत याहून चांगलं गद्य मी वाचलेलं नाही.

१८५७ चा विषय निघाला म्हणून मग विष्णुभट गोडश्यांचा 'माझा प्रवास' आणला. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक. घरावर कर्ज, म्हणून चुलत्यांबरोबर उत्तरेत दक्षिणा मिळवायला निघाला. बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची वार्ता त्याच्या कानावर आली होती. आणि वाटेतच बंड पेटलं. पुढे झाशीला वेढा पडला तेव्हा हा माणूस शहराच्या आत होता.

इतिहासाच्या पुस्तकात 'झाशी पडली' हे दोन शब्द असतात. गोडसे सांगतात की लुटीलाही क्रम होता. आधी सोनंनाणं गेलं, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडालत्ता, धान्य. उपाशी-तहानलेला माणूस लपायला कुठे जातो, गल्लीत प्रेतं पडलेली असताना पाणी कुठून आणतो, हे त्यांनी पाहिलंय आणि जसंच्या तसं सांगितलंय. झाशी सोडल्यावर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना राणी भेटते. पुरुषी वेष, अंगभर धूळ, तहानेने कासावीस. हे पाणी काढून द्यायला जातात, तर ती ब्राह्मणाला तसदी नको म्हणून स्वतः पाणी काढते आणि ओंजळीने पिते. घोड्यावरची, पाठीशी मूल बांधलेली राणी आपण लहानपणापासून चित्रात बघतो. मला आता राणी म्हटलं की ती ओंजळच दिसते.

हे हस्तलिखित भारताचार्य चिंतामणराव वैद्यांनी गोडश्यांच्या आग्रहामुळे त्यांच्या मृत्यूनंतर, १९०७ साली छापलं. इंग्रजी राज्यात असलं लिहिणं गळ्याशी येईल ही धास्ती होतीच. दत्तो वामन पोतदारांनी मूळ पाठ १९६६ साली आणला, तो मिळाला तर तोच वाचावा. त्यातली भाषा ओबडधोबड आहे आणि म्हणून जिवंत आहे. मला तर या पुस्तकातली सगळ्यात मोठी गोष्ट शेवटची वाटते. मिळवलेली दक्षिणा वाटेत लुटली गेली, तरी हा माणूस गंगेची कावड खांद्यावर घेऊन कोकणात पोचतो आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घालतो. राज्यं उलटीपालटी झाली, पण कावड सांडली नाही. त्या रात्री आत्या झोपल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात फोन करून त्यांनी विचारलं, "कर्ज फिटलं का त्येचं?"

असं विचारणारा वाचक मला आणखी कुठे मिळणार?

'बनगरवाडी' तर त्यांच्याच मुलखातली. व्यंकटेश माडगूळकरांनी ती १९५५ साली लिहिली, औंध संस्थानातल्या धनगरांच्या वस्तीवर आलेल्या पोरसवदा मास्तरची गोष्ट. मी ती शाळेत वाचली होती तेव्हा 'संथ' वाटली होती. चाळिशी ओलांडल्यावर वाचली आणि कळलं की संथ ती नव्हती, घाई मला होती. मास्तर येतो, कारभाऱ्याच्या मदतीने पोरं गोळा करतो, गाव मिळून तालीम बांधतं, राजा येऊन जातो. आणि मग पाऊस पडत नाही. मेंढरं मरायला लागतात, माणसं एकेक करून वस्ती सोडतात. कुणी खलनायक नाही, कुणाचं पाप नाही. आभाळ कोरडं राहिलं एवढंच कारण.

शेवटची पानं वाचताना आत्या मला मध्येच थांबवून स्वतः सांगायला लागल्या. १९७२ च्या दुष्काळात त्या खडी फोडायला जात होत्या. हातोड्याने हाताला आलेले घट्टे, कामावर मिळणारी सुकडी, रेशनवरचा तांबडा मिलो, त्याच्या भाकरीला चिरा जायच्या ते. "मेंढरंवाली जगाय गेली, मागारी आली न्हाईत समदी," असं त्या म्हणाल्या, आणि पुस्तकातही नेमकं तेच चाललं होतं. मला त्या घरात सून म्हणून येऊन सव्वीस वर्षं झाली होती. यातलं काहीही मी आधी ऐकलेलं नव्हतं. विचारलंच नव्हतं कधी.

महाभारतावरून मात्र आमचं भांडण झालं. शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' आणि इरावती कर्व्यांचं 'युगान्त', दोन्ही १९६७ सालची. मी एकापाठोपाठ एक आणली. 'मृत्युंजय' कॉलेजात असताना मी रात्र रात्र जागून वाचली होती, कर्णासाठी रडले होते. आता मोठ्याने वाचताना तिसऱ्या दिवशी माझा घसा दुखायला लागला. इतकी विशेषणं, इतक्या उपमा! कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, कृष्ण बोलतो, आणि मला सगळ्यांचा सूर एकच ऐकू येत होता. मी तसं आत्यांना म्हटलं. त्यांना पटलं नाही. त्यांना ते कीर्तनासारखं वाटत होतं. कीर्तनात बुवा एकच असतो, सगळ्यांची सोंगं तोच घेतो, त्यात काय बिघडलं, असं त्यांचं म्हणणं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुस्तक मी शेवटपर्यंत वाचलं, आणि मान्य करते की रथाचं चाक रुतलं तेव्हा माझाही आवाज हलला.

तरी माझं मत बदललं नाही. 'युगान्त'मधल्या कर्णावरच्या प्रकरणाचं नाव आहे 'मी कोण?' इरावतीबाई त्याच्यावर डोळे पुसत नाहीत. त्याने कुठे माघार घेतली, गंधर्वांपुढे त्याचं काय झालं, विराटाच्या गायी पळवताना काय झालं, सगळं मांडतात. आणि एवढं करून कर्ण लहान होत नाही. आपली जागा न सापडलेला एक माणूस म्हणून जास्त जवळ येतो. खांडववन जाळल्याबद्दल त्या कृष्णार्जुनालाही सोडत नाहीत. पळणाऱ्या प्रत्येक जिवाला पुन्हा आगीत लोटलं, हे कशासाठी? मी ते तावातावाने वाचलं. आत्या शांतपणे म्हणाल्या, "रान जाळल्याबिगर शेत कुठनं निघायचं?" गंमत अशी की इरावतीबाईंच्या विवेचनाचा रोखही जमिनीकडेच आहे. विदुषी आणि चौथी शिकलेली शेतकरीण एकाच जागी पोचल्या होत्या, फक्त एकीला त्या आगीचा राग होता आणि दुसरीने आयुष्यभर राब भाजला होता.

राम पटवर्धनांच्या 'पाडस'लाही हाच अनुभव. परक्या मुलखातली, फ्लॉरिडाच्या रानातली गोष्ट, पण पटवर्धनांचं मराठी इतकं मुरलेलं की भाषांतर आहे हे विसरायला होतं. पोराने जीव लावलेलं हरणाचं पिल्लू वाढत जातं आणि उभ्या मक्यात शिरायला लागतं. बापाचा जीव तुटतो, आई बंदूक उचलते. मी पोराच्या बाजूची. आत्या पहिल्यापासून आईच्या. "वरसाचं दाणं खाल्लं त्येनं. पोराला काय चारायचं, हरीण?" ती आई मला आधी कठोर वाटली होती. आता वाटत नाही.

काही पुस्तकं मी त्यांना वाचून दाखवली नाहीत. जी. एं.च्या कथा मी दुपारीच वाचते, त्यांना शांतता लागते. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' एका पावसाळी दुपारी बैठकीत संपवली. १९३९ सालची छोटीशी कादंबरी. युरोपातून परतणारी बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू, शांघायकडे निघालेले. चक्रधर आणि हेर्टा त्या बोटीवर भेटतात. त्याला मुंबईला उतरता येतं. तिला कुठेच उतरता येत नाही. युद्ध पेटलं त्याच वर्षी, कुणालाही पुढचं काही माहीत नसताना, एका मराठी लेखकाने हे लिहिलं याचा मला अभिमान वाटतो, आणि आपल्याकडे ती फारशी वाचली जात नाही याचं वाईट वाटतं. रात्री आत्यांना तोंडी गोष्ट सांगितली. त्यांनी एकच विचारलं, "मग त्यो उतरला?"

"उतरला."

त्यावर त्या काही बोलल्या नाहीत.

'कोसला'चं असं झालं की नायकाच्या धाकट्या बहिणीच्या मृत्यूपाशी माझा आवाजच बसला. तिथवर आत्या वसतिगृहातल्या उचापतींना हसत होत्या. त्यांचा पाठचा भाऊ देवीने गेला होता. घरात फोडणी बंद, दाराला लिंबाचा डहाळा, आईने पदर पसरून देवीची केलेली आळवणी, सगळं त्यांनी सांगितलं. १९७५ नंतर या देशात देवीचा रुग्ण सापडला नाही. ज्या रोगाचं औषध मी कधी विकलं नाही, विकावं लागणारही नाही, त्याने गेलेलं एक पोर त्या रात्री आमच्या खोलीत होतं. पुढची पानं आठवडाभराने वाचली.

'इतर'च्या कपाटाविषयी एक मला बोलायचंच आहे. तिथे हल्ली मधुमेह मुळापासून घालवणारी, गोळ्या कायमच्या सोडवणारी पुस्तकं रांगेने उभी असतात आणि सगळ्यात जास्त हाताळली जातात. आमच्याकडे वर्षानुवर्षं इन्सुलिन नेणाऱ्या एका गृहस्थांनी असंच एक वाचून ते बंद केलं. आठवड्यात अतिदक्षता विभागात होते. वाचले, पण मी तो आठवडा विसरलेली नाही. कादंबरी म्हणजे खोटं आणि माहितीचं पुस्तक म्हणजे खरं, असं समजणारी माणसं रोज भेटतात. ज्या पुस्तकात लेखकाला एकही शंका नाही, एकही रुग्ण बिघडत नाही, त्याला मी हात लावत नाही आणि गिऱ्हाइकांनाही तसंच सांगते.

गेल्या महिन्यात बेबी कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' आणलं. ते आमच्याच जिल्ह्यातलं. बेबीताई फलटणला राहायच्या. घरचं छोटं किराणा दुकान होतं, गल्ल्यावर बसून गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्या लिहायच्या आणि लिहिलेले कागद घरच्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून दडवून ठेवायच्या. वीसेक वर्षं ते तसेच राहिले. पुस्तक आलं १९८६ साली. मी स्वतः रोज गल्ल्यावर वाचत बसते, म्हणून असेल, पण दुकानातल्या त्या लिहिण्याचं चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. 'बलुतं' आणि 'उपरा' मी कॉलेजात वाचली होती. दोन्ही मोठी आहेत. पण बेबीताई 'मी' फार थोडं म्हणतात. नावातच 'आमुचं' आहे. वीरगावच्या महारवाड्यातल्या सगळ्या बायका एका तोंडाने बोलतात. लहान वयातली बाळंतपणं, भूक, मेलेल्या जनावराच्या मांसासाठीची लगबग, पळून माहेरी गेलेल्या सुनेच्या पायात अडकवलेला लाकडी खोडा. आपल्यावर वरून झालेला जुलूम सांगतात आणि आपल्यातल्याच सासवांनी सुनांवर केलेलाही सांगतात. मग जेजुरीला बाबासाहेब येतात, आणि पुस्तकाचा श्वास बदलतो.

पहिल्या रात्री पंधरा-वीस पानं झाली. लाकडाची मोळी विकायला नेलेल्या बाईला, लाकडाला केस चिकटला नाही ना ते बघ, म्हणून दरडावलं जातं, तो भाग आला. आत्या ना हसल्या ना काही म्हणाल्या. झोपल्याही नव्हत्या. मी विचारलं, "थांबू का?" त्यांनी हाताने नको म्हटलं. मग आपणहून सांगायला लागल्या. माहेरचं खळं. सुगीत रास पडली की बलुतं न्यायला माणसं यायची. त्यातली एक बाई दरवर्षीची. आत्या तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या. सुपाने दाणे त्यांनी घालायचे, पण लांबून, वरून. ती पदर पसरून वाकायची. एकदा आत्यांचा हात चुकून तिच्या पदराला लागला म्हणून त्यांनाच अंघोळ घातली होती. "रडले हुते मी. थंडी हुती." पुढे १९५६ नंतर ती बाई यायची बंद झाली. का बंद झाली, ते घरात कुणी बोललं नाही.

दुसऱ्या रात्री मी पुस्तक उघडलं तर त्या म्हणाल्या, "दम खा जरा. तिचं नाव आठवतीया." आठवलं नाही. दोन दिवस त्या चहाला, जेवणाला, थेंब घालताना तेच बोलत होत्या. तिच्या कपाळावरचं गोंदण आठवत होतं, पायातल्या जोडव्यांचा आवाज आठवत होता, तिच्या पोराचा ताप आठवत होता. त्यांच्या गावी धाकट्या बहिणीला फोन लावला. तिलाही सांगता येईना. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाला निघताना त्यांनी मला हाक मारली.

"नाव आठवायला नाव घेतलं पायजे हुतं गं. जातीनंच हाक मारायचो आमी."

पुस्तकाची मुदत शनिवारी संपत होती. मी ती वाढवून आणली. रात्री खाटेशेजारी खुर्ची ओढून बसले, खूण ठेवलेलं पान काढलं.

"वाच पुढं," आत्या म्हणाल्या.